वृद्धांचा दमा व त्याचा स्वहस्तें बंदोबस्त

पिकांवर पडणाऱ्या रोगांविषयीं शेतकीच्या मासिकांतून पुष्कळ लिहिलें जातें. गुराढोरांच्या रोगांविषयींही लिहिलें जातें. परंतु ज्या वडील माणसानें त्या पिकांची व त्या गुरांची निगा जन्मभर राखली, त्याच्या छातींतील घरघर घरांत सर्वांस ऐकूं येत असूनही तिचा विचार क्वचितच होतो. "वय झालें, आतां धाप लागावयाचीच," असें घरचीं माणसें म्हणतात, आणि वृद्ध स्वतःही तसेंच म्हणून गप्प बसतो. हा समज चुकीचा असून घातक आहे. केवळ वय वाढल्यानें छातींतून शिटीसारखा आवाज येत नाहीं, आणि पहांटे तीन वाजतां अंथरुणांत उठून बसण्याची पाळीही येत नाहीं. तो बहुधा रोग असतो. तो रोग दमा असेल तर मुळापासून नाहींसा होणें कठीण. परंतु तो आटोक्यांत ठेवणें बहुतेकांच्या बाबतींत शक्य आहे. त्यासाठीं मुख्य अट ही कीं, रोगाची रोजची देखरेख रोग्यानें स्वतःच्या हातीं घेतली पाहिजे. ती कशी घ्यावी, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

घरांतील बारा तास

अंबरनाथ पश्चिमेचें उदाहरण घेऊं. मोरिवली, चिखलोली, जांभूळ या बाजूंस एके काळीं भाताचीं खाचरें व गवताळ माळ होते. आज त्यांतील पुष्कळ जमिनीवर कारखाने व इमारती उभ्या आहेत. जुन्या शेतकरी घरांतील तरुण पिढी नोकरीधंद्यास लागली. येथून मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस सुमारें ६० किलोमीटर पडतें. मुलगा व सून सकाळच्या गाडीनें निघतात तीं दिवेलागणीनंतर परततात. मधल्या बारा तासांत घरीं सत्तरीचे वडील किंवा आई असते, शाळेंतून येणारीं नातवंडें असतात, आणि परसांत उरलीसुरली एखादी गाय किंवा पेंढ्याची उडवी असते.

दमा या बारा तासांत सुट्टी घेत नाहीं. दुपारीं धाप वाढली तर डॉक्टर जवळ नसतो, मुलगा जवळ नसतो. जवळ असतो तो रोगी एकटाच. कोणता फवारा घ्यावा, किती घ्यावा, शेजाऱ्यास केव्हां हांक मारावी व रुग्णवाहिका केव्हां बोलवावी, हे निर्णय त्यालाच करावे लागतात. हें ज्ञान त्याच्याजवळ नसेल तर तो मुलाची वाट पाहत बसतो, आणि कधीं कधीं ही वाट पाहणेंच प्राणांवर बेततें. म्हणून वृद्धास औषध आणून देणें एवढ्यानें काम भागत नाहीं. औषधाचें शहाणपणही त्याच्या हातीं द्यावें लागतें.

दमा म्हणजे काय

श्वासनलिका म्हणजे छातींतील हवेचे पाट होत. पाटाच्या दोन्ही कांठांस गाळ बसला, मध्यें शेवाळ वाढलें, आणि वरून कोणी कांठ आंत दाबले, तर पाणी जसें अडत अडत वाहील, तशी दम्यांत हवेची गति होते. नळ्यांचें आंतलें अस्तर सुजतें, चिकट कफ सांठतो व नळ्यांभोंवतालचे स्नायू आवळले जातात. श्वास सोडतांना अडथळा अधिक जाणवतो व सूं सूं असा आवाज येतो. हा अडथळा कमीजास्त होत राहतो, हें दम्याचें विशेष लक्षण आहे. रात्रीं व पहांटे तो वाढतो. धूळ, धूर, थंडी, सर्दीपडसें यांनीं उसळतो. औषधानें किंवा आपोआप उतरतो.

आमच्या पूर्वजांस हा रोग चांगला परिचित होता. चरकसंहितेंत श्वासरोगाचे पांच प्रकार सांगितले असून त्यांतील तमकश्वासाचें वर्णन आजच्या दम्याशीं पुष्कळ जुळतें. ढगाळ हवा, पाऊस, थंडी व पूर्वेचा वारा यांनीं तो वाढतो आणि रोग्यास निजण्यापेक्षां बसल्यानें बरें वाटतें, हें निरीक्षण त्या ग्रंथांत आहे. कोंकणपट्टीतील कोणत्याही दमेकऱ्यास तें आजही पटेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें सन २०१९ मध्यें जगांत २६ कोटी २० लाख लोकांस दमा होता व त्या वर्षीं ४ लाख ५५ हजार लोक त्यानें दगावले. त्याच वर्षाच्या जागतिक रोगभाराच्या गणनेंत असें दिसतें कीं, जगांतील दमेकऱ्यांपैकीं सुमारें १३ टक्के भारतांत आहेत, पण दम्यानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं ४० टक्क्यांहून अधिक भारतांत होतात. रोगी आठांतील एक आणि मृत्यू पांचांतील दोन, हें प्रमाण विचार करावयास लावणारें आहे. रोगाचें निदान उशिरां होणें आणि सूज उतरविणारें औषध नियमानें न घेतलें जाणें, हीं याचीं मोठीं कारणें होत.

वृद्धाचा दमा वेगळा कां

दमा लहानपणापासून असतो तसा साठीनंतर प्रथमच उद्भवूंही शकतो. वृद्धपणीं त्यांत चार अडचणींची भर पडते.

पहिली अडचण जाणिवेची. वय वाढलें म्हणजे श्वासनलिका आवळल्याची जाणीव मंद होते. तरुणास जेथें गुदमरल्यासारखें होतें, तेथें वृद्धास "थोडें जड वाटतें" एवढेंच वाटतें. शिवाय तो हळूहळू आपली हालचाल कमी करतो. जिना चढणें सोडतो, बाजारास जाणें सोडतो, देवळापर्यंतचें चालणें सोडतो, आणि धाप लागत नाहीं म्हणून आपण बरे आहों असें समजतो.

दुसरी अडचण निदानाची. हृदय दुर्बळ झालें तरी रात्रीं धाप लागते. बिडीनें किंवा चुलीच्या धुरानें फुप्फुसें कायमचीं बिघडलीं तरी धाप लागते. ज्या बाईनें चाळीस वर्षें लांकडांच्या व गोवऱ्यांच्या चुलीपुढें काढलीं, तिनें बिडी कधीं ओढली नसली तरी तिला हा दुसरा रोग होऊं शकतो. कित्येकांत दोन रोग एकत्र नांदतात. यास्तव वृद्धानें एकदां तरी स्पायरोमेट्री ही फुंकेची तपासणी व हृदयाची तपासणी करून घ्यावी. उल्हासनगरच्या सरकारी मध्यवर्ती रुग्णालयांत किंवा आपल्या नेहमींच्या डॉक्टरांकडे चौकशी केल्यास ती कोठें होईल हें समजेल.

तिसरी अडचण इतर औषधांची. रक्तदाबासाठीं व हृदयासाठीं दिलीं जाणारीं बीटा-ब्लॉकर वर्गांतील कांहीं औषधें दमा वाढवितात. कांचबिंदूसाठीं डोळ्यांत घालावयाचे टिमोलोलचे थेंब देखील तसें करूं शकतात. सांधेदुखीच्या गोळ्या व ॲस्पिरिन यांनीं सर्वांस नव्हे, पण कांहीं दमेकऱ्यांस जोराची उबळ येते. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांपुढें व दांतांच्या डॉक्टरांपुढें सुद्धां "मला दमा आहे" हें पहिलें वाक्य असावें. मात्र हृदयाचें कोणतेंही औषध आपण होऊन एकाएकीं बंद करूं नये. तें डॉक्टरांस विचारूनच बदलावें.

चौथी अडचण हातांची व डोळ्यांची. संधिवातानें बोटें आंखडलेलीं असतात, फवाऱ्याची कळ दाबत नाहीं. अक्षरें बारीक असतात, वाचतां येत नाहींत. या अडचणी क्षुल्लक दिसतात, पण पुष्कळांचें औषध यांमुळेंच फुकट जातें.

दोन औषधें, दोन कामें

दम्याचीं मुख्य औषधें दोन प्रकारचीं आहेत व त्यांतील भेद ज्यास समजला त्यास अर्धा दमा समजला.

पहिलें रोधक औषध. तें अस्तराची सूज उतरवितें. तें रोज, बरें वाटत असतांनाही, घ्यावयाचें असतें. त्याचा गुण येण्यास कांहीं दिवस, कित्येकदां कांहीं आठवडे लागतात. बी पेरण्यापूर्वीं त्यास औषध चोळावें लागतें. रोप करपल्यावर चोळून उपयोग नसतो. रोधक औषधाचें काम त्याच जातीचें आहे.

दुसरें शामक औषध, बहुधा साल्ब्युटामॉल. तें आवळलेले स्नायू सैल करतें, कांहीं मिनिटांत आराम देतें, व त्याचा गुण सुमारें चार ते सहा तास टिकतो. पण सुजेवर त्याचा उपयोग होत नाहीं. केवळ याच औषधावर वर्षानुवर्षें दिवस काढणें धोक्याचें आहे. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक मंडळानें सन २०१९ पासून एकट्या शामकावर उपचार करूं नये असें स्पष्टपणें सांगितलें आहे. अलीकडे दोन्ही कामें करणारें एकत्र औषधही मिळतें. आपल्या हातांतील फवारा यांपैकीं कोणता, हें प्रत्येक वृद्धानें डॉक्टरांकडून समजून घ्यावें, आणि रोधकास एक व शामकास दुसरी अशी रंगीत चिकटपट्टी लावून ठेवावी.

"पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय," असा आमच्या लोकांत मोठा प्रवाद आहे. आंकडेच पाहूं. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यांत १०० मायक्रोग्रॅम औषध असतें. ४ मिलिग्रॅमच्या एका गोळींत ४,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतकें. गोळी रक्तांतून साऱ्या शरीरभर फिरते, हातांस कंप व छातींत धडधड आणते. फवारा जेथें रोग तेथेंच जातो. झाडाच्या मुळाशीं तांब्याभर पाणी घालणें आणि त्या एका झाडासाठीं सारें शेत भरून टाकणें यांत जो फरक, तोच येथें आहे. सवयीचें म्हणावें तर, रोज लागणाऱ्या औषधास व्यसन म्हणणें म्हणजे चष्म्यास व्यसन म्हणण्यासारखें आहे.

फवारा घेण्याची रीत

औषध चांगलें, पण रीत चुकीची, असें वारंवार घडतें. औषध जिभेवर व घशांत बसतें, आणि रोगी औषधास दोष देतो. कांहीं जण यंत्रांत घालून ओढावयाची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून टाकतात! म्हणून पुढील रीत ध्यानांत ठेवावी.

दाबाच्या फवाऱ्यास प्लास्टिकचा नळा, म्हणजे स्पेसर, जोडून घ्यावा. वृद्धांनीं तो अवश्य वापरावा, कारण कळ दाबणें व श्वास ओढणें यांची वेळ जुळविण्याची कसरत त्यामुळें टळते. ताठ बसावें. फवारा नीट हलवून नळ्यास जोडावा. श्वास सावकाश बाहेर सोडावा. नळ्याचें तोंड ओठांत घट्ट धरून कळ एकदांच दाबावी व हळूहळू खोल श्वास आंत घ्यावा. सोसेल तितका, सुमारें दहा सेकंदांपर्यंत, तो रोखून धरावा. रोखणें जमत नसेल तर त्याच नळ्यांतून पांच वेळां संथ श्वासोच्छ्वास करावा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धें ते एक मिनिट थांबून पुन्हां सर्व क्रिया करावी. एकदम दोन फवारे नळ्यांत उडवूं नयेत. बोटें दुखत असतील तर दोन्ही हातांनीं कळ दाबावी.

कॅप्सूलच्या कोरड्या पुडीचें यंत्र असेल तर रीत उलट आहे. तेथें श्वास जोरानें व खोल ओढावा लागतो. ज्या वृद्धाच्या छातींत तेवढा जोर नाहीं त्यास तें यंत्र उपयोगी पडत नाहीं. त्यानें डॉक्टरांस सांगून फवारा व नळा मागून घ्यावा.

रोधक औषध घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकावें. नाहीं तर तोंडांत पांढरी बुरशी येते व आवाज बसतो. दांत घासण्यापूर्वीं औषध घेण्याचा नेम ठेवला तर औषधाची आठवण व चूळ दोन्ही साधतात. नळा महिन्यांतून एकदां साबणाच्या कोंबट पाण्यांत बुडवून आपोआप वाळूं द्यावा. फडक्यानें पुसूं नये, कारण पुसल्यानें आंतल्या बाजूस औषध चिकटूं लागतें. फवाऱ्यांत किती मात्रा उरल्या याचा आंकडा पुष्कळ फवाऱ्यांवर असतो. नसेल तर पहिल्या दिवसाची तारीख त्यावर लिहून हिशेब ठेवावा. आणि डॉक्टरांकडे दर खेपेस आपला फवारा त्यांच्यासमोर घेऊन दाखवावा.

हिरवा, पिवळा व तांबडा

जाणीव मंद झालेल्या वृद्धास मापाचा आधार हवा. पीक फ्लो मीटर नांवाची एक साधी नळी मिळते. उभें राहून किंवा ताठ बसून, खोल श्वास घेऊन, तींत एकदम जोरानें फुंकावें. कांटा जेथें थांबेल तो आंकडा. तीनदां फुंकून सर्वांत मोठा आंकडा वहींत लिहावा. दमा आटोक्यांत असतांना दोन आठवडे रोज असें केलें म्हणजे आपला उत्तम आंकडा समजतो. दुसऱ्याच्या आंकड्याशीं तुलना करूं नये. वय, उंची व स्त्रीपुरुषभेद यांप्रमाणें तो बदलतो.

रेल्वेच्या सिग्नलाप्रमाणें त्याचे तीन रंग करावे. उत्तम आंकड्याच्या ८० टक्के व वर हिरवा. ५० ते ८० टक्के पिवळा. ५० टक्क्यांखालीं तांबडा. समजा, एखाद्याचा उत्तम आंकडा ३०० आहे. तर २४० व त्यावर हिरवा, २४० पासून १५० पर्यंत पिवळा, १५० च्या खालीं तांबडा. हिरव्यांत नेहमींचें औषध चालूं ठेवावें. पिवळ्यांत काय वाढवावें, किती दिवस वाढवावें, हें डॉक्टरांकडून आधींच कागदावर लिहून घ्यावें, व एक दोन दिवसांत हिरव्यांत न आल्यास त्यांस भेटावें. तांबड्यांत विचार करीत बसूं नये. पुढें सांगितलेला उपाय तत्काळ सुरू करावा.

ज्यास नळी फुंकणें जमत नाहीं, त्यानें दर महिन्यास स्वतःस चार प्रश्न विचारावे. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यांतून दोनदांपेक्षां अधिक वेळां त्रास झाला काय? रात्रीं दम्यानें जाग आली काय? शामक फवारा आठवड्यांतून दोनदांपेक्षां अधिक लागला काय? दम्यामुळें एखादें काम सोडावें लागलें काय? एकाही प्रश्नाचें उत्तर होय असेल तर दमा पूर्ण आटोक्यांत नाहीं असें समजावें.

लिहून दिलेली योजना, नियमित तपासणी व रोग्याचें शिक्षण या तिन्ही गोष्टी एकत्र झाल्या म्हणजे रुग्णालयांत भरती होण्याचे प्रसंग कमी होतात, हा जगभरांतील अनेक प्रयोगांचा निष्कर्ष आहे. यांत महाग असें कांहीं नाहीं. एक कागद, एक वही व थोडा नेम लागतो.

झटका आला असतां

ताठ बसावें, आडवें होऊं नये. कमरेचें व गळ्याचें वस्त्र सैल करावें. शामक फवारा नळ्यांतून एक, मग अर्धें ते एक मिनिट थांबून दुसरा, असे चारपासून दहापर्यंत घ्यावे. ज्यास हृदयविकार आहे त्यानें आपली संख्या डॉक्टरांकडून आधींच लिहून घ्यावी. आराम न पडल्यास १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रांत ही सेवा सन २०१४ पासून चालूं आहे. ती येईपर्यंत दर वीस मिनिटांनीं त्याच रीतीनें शामक घेत राहावें, व दार उघडें ठेवून शेजाऱ्यास हांक मारावी.

एक वाक्य एका श्वासांत पुरें होत नाहीं, ओठ किंवा नखें निळसर पडतात, रोगी गुंगतो वा असंबद्ध बोलतो, अशी लक्षणें दिसल्यास फवाऱ्याच्या गुणाची वाट न पाहतां लागलीच रुग्णालय गांठावें. घरघर एकाएकीं बंद झाली पण धाप तशीच आहे, हें बरें झाल्याचें लक्षण नसून हवा आंत जातच नसल्याचें आहे. यास फसूं नये.

शेतकऱ्याच्या वर्षांतील धोके

दमेकऱ्यानें आपल्या वर्षाचें पंचांग मांडावें. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत भाताच्या रोपवाटिकेसाठीं राब भाजतात. त्या धुराच्या दिवशीं वृद्धानें वाऱ्याच्या वरच्या अंगास राहावें, किंवा घरीं राहावें. पावसाळ्यांत भिंतींस ओल येऊन बुरशी धरते व पेंढा कुबट होतो. निजण्याची खोली कोरडी ठेवावी व पेंढा घरांत सांठवूं नये. आश्विन-कार्तिकांत कापणी, झोडणी व उफणणी यांची धूळ, आणि त्यांतच दिवाळीच्या फटाक्यांचा धूर. मार्गशीर्ष-पौषांत थंड हवेमुळें धूर जमिनीलगत दाटून राहतो. शेकोटीजवळ बसणें टाळावें. हंगाम सुरू होण्यापूर्वीं डॉक्टरांस भेटून रोधकाची मात्रा पुरेशी आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें. मळणीच्या व गिरणीच्या जागीं नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावावा.

येथें एक सूचना. कुबट पेंढ्यांत काम केल्यावर चार-सहा तासांनीं ताप, थंडी, कोरडा खोकला व धाप असें वारंवार होत असेल तर तो दम्याहून निराळा रोग असूं शकतो. इंग्लंडांत कॅम्बेल नांवाच्या डॉक्टरानें सन १९३२ मध्यें गवतांत काम करणाऱ्यांतील या रोगाचें वर्णन केलें. त्यास शेतकऱ्याचें फुप्फुस असें नांव पडलें आहे. ही माहिती डॉक्टरांस न विसरतां सांगावी.

घरांतील धूरही कमी नसतो. सन २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें पुष्कळ घरांत गॅसची शेगडी आली, तरी आंघोळीचें पाणी अद्याप लांकडांवर तापतें व तो धूर आजीच्याच छातींत जातो. चूल अंगणांत न्यावी. डासांसाठीं जाळावयाच्या वर्तुळाकार अगरबत्तीच्या धुराविषयीं सन २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, एक वर्तुळ जळल्यानें ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेंत मिसळतात असें आढळलें. मच्छरदाणी स्वस्त आहे व तिला धूर नाहीं.

आमच्या भागांस आणखी एक धोका आहे. सन २०१४ मध्यें उल्हासनगरांत वालधुनीच्या पात्रांत टाकलेल्या रसायनाच्या वाफेनें शेंकडों लोकांस रुग्णालयांत न्यावें लागलें. सन २०२१ च्या जूनमध्यें बदलापुरांत वायुगळती होऊन लोकांस श्वासाचा त्रास झाला. सन २०२४ च्या सप्टेंबरांत अंबरनाथ शहरावर रासायनिक धुकें पसरून डोळे व घसे चुरचुरले. धडधाकट माणसास अशी रात्र त्रासाची, पण वृद्ध दमेकऱ्यास ती जिवावरची. तिखट वास येतांच दारें-खिडक्या लावून घ्याव्या, वासाच्या दिशेपासून दूरच्या खोलींत बसावें, शामक फवारा उशाशीं घ्यावा, आंकडा मोजावा, व सरकारी सूचना येईल तिकडे लक्ष ठेवावें. फवारा रिकामा असल्याचा शोध अशा रात्रीं लागूं नये, म्हणून एक जादा फवारा घरांत नेहमीं असावा.

उपास, कोजागरी व पुड्या

एकादशीस किंवा इतर उपासास पुष्कळ वृद्ध औषध टाळतात. फवारा हें अन्न नव्हे. तो श्वासाबरोबर जातो. उपास अवश्य करावा, फवारा सोडूं नये. कोजागरी पौर्णिमेच्या रात्रीं दम्याचें औषध दुधांतून वा खिरींतून देण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. ज्याची श्रद्धा असेल त्यानें तेथें जावें, पण खिशांत शामक फवारा ठेवावा, आणि दुसऱ्या सकाळीं रोधक नेहमींप्रमाणें घ्यावें.

जिच्यावर नांव नाहीं, घटक नाहींत, पण जिनें दोन दिवसांत चमत्कारासारखा आराम पडतो, अशा पुडीविषयीं मात्र सावध राहावें. अशा कांहीं पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलें आढळलें आहे. तें महिनोन्महिने पोटांत गेल्यास साखर वाढते, हाडें ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो; आणि पुडी एकाएकीं बंद केल्यास जीव धोक्यांत येतो. ज्यानें अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल त्यानें ती डॉक्टरांस दाखवावी व त्यांच्या सल्ल्यानेंच कमी करावी. बिडी व तपकीर-तंबाखू सोडावी. इन्फ्लुएंझाची लस दर वर्षीं व न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्यानें टोंचून घ्यावी.

घरच्या माणसांचें काम

घरच्या माणसांनीं दोन टोकें टाळावीं. एक उपेक्षेचें, दुसरें अति काळजीचें. मुलगा फवारा कपाटांत ठेवतो, मात्रा तोच ठरवितो, वडिलांस कांहीं सांगत नाहीं. हेतु चांगला, परंतु परिणाम असा कीं तो गाडींत असतांना वडिलांस कांहींच करतां येत नाहीं. ज्यानें पन्नास वर्षें आभाळाकडे पाहून पेरणीचा दिवस ठरविला, त्यास स्वतःच्या छातीचा अंदाज ठरवितां येणार नाहीं असें मानणें योग्य नव्हे. त्यास शिकवावें, त्याच्याकडून करून घ्यावें, आणि त्याचा निर्णय मानावा.

मोठ्या अक्षरांत मराठींत एक कागद लिहून भिंतीस लावावा. त्यावर दोन्ही औषधांचीं नांवें व त्यांच्या पट्ट्यांचे रंग, उत्तम आंकडा, तीन रंगांत काय करावें, कोणतीं औषधें चालत नाहींत, शेजाऱ्याचा, डॉक्टरांचा व १०८ चा क्रमांक, एवढें असावें. वाचतां न येणाऱ्या आजीसाठीं रंगीत ठिपके पुरतात. नातवंडांस हा कागद पाठ असावा. दुपारीं घरांत आजीजवळ बहुधा तींच असतात.

आमच्या वाचक बंधुभगिनींस विनंती कीं, हें वाचून झाल्यावर आपल्या घरांतील वडील माणसाजवळ बसावें, वर दिलेले चार प्रश्न त्यांस विचारावे, आणि त्यांचा फवारा त्यांच्याच हातानें घ्यावयास सांगून रीत बरोबर आहे कीं नाहीं तें पाहावें. रीत चुकत असेल तर तेथेंच सुधारावी. उत्तरांत एक जरी होय आलें तर येत्या आठवड्यांत डॉक्टरांची गांठ घ्यावी. भात खळ्यावर येण्यापूर्वीं एवढें उरकावें, म्हणजे मळणीच्या धुळीचे दिवस त्यांस सुखाचे जातील.